बोलणं पुरं होईपर्यंत

भंडारा जिल्ह्यात पाऊस आणि रोवणी एकदमच येतात, आणि ओपीडीही तेव्हाच फुगते. जुलै-ऑगस्टात लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात सकाळी जाऊन बघा. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग, रांगेत निम्म्याहून जास्त बाया, पायांच्या बोटांत चिखल्या, हाताची कातडी पाण्याने पांढरी पडलेली, आणि प्रत्येकीला लवकर मोकळं व्हायचं असतं, कारण बांधीवर पोचायला उशीर झाला की दिवसाची मजुरी जाते. डॉक्टरलाही लवकर मोकळं व्हायचं असतं. दोघांनाही घाई असल्यामुळे एक मूक करार होऊन जातो: तुम्ही थोडक्यात सांगा, मी झटपट लिहितो. अशा रांगेत एकेकाचं बोलणं पुरतं ऐकून घेणं ही चैन आहे, असं आमच्या पेशात सर्रास मानलं जातं. ज्याला वेळ आहे त्याने करावी, जमली तर चांगुलपणा, नाही जमली तर फारसं बिघडत नाही. ग्रामीण भागात डॉक्टरकी केल्यावर माझं मत नेमकं उलटं झालं आहे. समोरच्याकडे पूर्ण लक्ष देणं हा तपासणीचाच भाग आहे, नाडी बघण्याइतका किंवा रक्तदाब मोजण्याइतका. तो वगळला तर काय निसटतं, हे दाखवून देता येतं. चांगुलपणाच्या खात्यात टाकल्यामुळेच तो पहिल्यांदा वगळला जातो.

मण्यारीचं उदाहरण घेऊ, कारण भाताच्या जिल्ह्यात ते टाळताच येत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. जागेवर सूज नसते, रक्त नसतं, बहुतेक वेळा खूणही सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटदुखीने. कधी उलटी होते, कधी घसा दुखतो, कधी नुसतं अंगात त्राण नाही असं वाटतं. दवाखान्यात आला की तो सांगणार, ‘रातीपासून पोट दुखून रायलं जी.’ याच वाक्यावर डॉक्टरचं पेन चालायला लागलं तर आम्लपित्ताची गोळी नाहीतर इंजेक्शन मिळून तो घरी जातो. दोन-चार तासांत पापण्या खाली यायला लागतात, आवाज नाकातून येतो, थुंकी गिळवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पेन थांबलं असतं तर त्याचं पुढचं वाक्य आलं असतं. रुग्ण स्वतः ते फारसं महत्त्वाचं मानत नाही, म्हणून शेवटी सांगतो: ‘आन डोळे काऊन मिटून रायले, समजत नाही.’ या वाक्यावर निदान उभं असतं. मग विचारायचे प्रश्न साधे आहेत. काल खाटेवर झोपला होता की खाली? वर बघता येतं का? पाण्याचा घोट गिळून दाखवता का? गंमत अशी, की इथे प्रयोगशाळा उलट दिशाभूल करते. घोणस चावली की रक्त गोठत नाही, म्हणून काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवायची चाचणी उपयोगी पडते. मण्यारीत तीच चाचणी नॉर्मल येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे आहे, ती वेळेत द्यायची असते, आणि ती वेळ कधी सुरू झाली हे सांगणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे पोट धरून बसलेला माणूस. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सगळे काही ऐकून न घेतल्यामुळे गेले नाहीत. रस्ते लांब, वाहन मिळत नाही, आधी मांत्रिकाकडे नेतात, ही कारणं मोठी आहेतच. पण दवाखान्याच्या दारात पोचून परत पाठवला गेलेला रुग्ण हा रस्त्याचा दोष नव्हे.

मण्यार हे टोकाचं उदाहरण वाटेल. पण ज्यांचा पुरावा बोलण्यातच असतो असे आजार या भागात रोजचे आहेत. सिकलसेल घ्या. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती 1958 साली, म्हणजे पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 पर्यंत हा आजार हटवायचं उद्दिष्ट ठरलं, तपासण्यांचे आकडे वाढले. तपासणीने रुग्ण सापडतो हे खरं. पण त्याला वेदनेचा झटका येतो, विशेषतः उन्हातान्हात पाणी कमी प्यालं किंवा थंडी वाढली की, तेव्हा त्या वेदनेचं काहीच बाहेर दिसत नाही. एक्स-रे ठीक, ताप नाही, सूज असेलच असं नाही. हाडं फुटल्यासारखी दुखतात असं तो सांगतो आणि ते मानायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो. न मानणाऱ्याला तो कामचुकार दिसतो, नाहीतर वेदनाशामकाच्या सुईला सोकावलेला दिसतो. बायकांच्या दुखण्याचं तर विचारूच नका. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका जेमतेम 8 टक्के. या आकड्यांतला धक्का मला रोगांच्या प्रमाणापेक्षा दुसरीकडेच जास्त बसतो. या बाया दवाखान्याचं तोंड न पाहिलेल्या नसणार. ताप, खोकला, लेकरांची दुखणी घेऊन त्या येतच असणार. पांढरं जाणं, कंबर, मासिक पाळी हे विषय त्या टेबलापर्यंत आलेच नाहीत, कारण ते चौथ्या किंवा पाचव्या वाक्यात येतात आणि तिथपर्यंत त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. आमच्याकडेही कंबर दुखते म्हणून आलेली बाई कंबरेचंच सांगायला आलेली असते असं नाही. बाजूला कंपाउंडर उभा असेल, दार उघडं असेल आणि डॉक्टर खाली मान घालून लिहीत असेल, तर ती कंबरेवरच थांबते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम मराठी वाचकांना ठाऊक आहे, पण त्यातली एक बाजू नीट पाहिली जात नाही. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं काही तासांत मरत होती आणि त्यावर पुस्तकात उपाय नव्हता. बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना या रुग्णांच्या खाटेशी बसून राहिले: घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी बदलते, फेसाळ थुंकी कधी येते, हे तासातासाने टिपत. त्यातून 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला, आणि पुढे प्रॅझोसिन नावाचं रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्यापर्यंत खाली आलं. या कहाणीतून आपण सहसा त्याग आणि चिकाटी उचलतो. मला त्यात एक पद्धत दिसते. महागडं यंत्र नसलेल्या ठिकाणी एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अखंड पाहिलं, आणि त्या पाहण्यातून जगाला माहीत नसलेली गोष्ट कळली. लक्ष देणं म्हणजे आधीच माहीत असलेलं ज्ञान प्रेमाने वापरणं एवढंच असतं, तर हे घडलं नसतं.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप: वेळ कुठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. 67 देशांतल्या सल्लामसलतीच्या वेळेचा एक मोठा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बांगलादेशाची सरासरी 48 सेकंद, स्वीडनची 22 मिनिटांहून जास्त, आणि आपली दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत माणूस काय ऐकणार, असं वाटणं साहजिक आहे. पण दुसऱ्या बाजूचे आकडे बघा. अमेरिकेत 1984 मध्ये 74 भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं तेव्हा डॉक्टरने रुग्णाला सरासरी 18 सेकंदांत तोडल्याचं दिसलं. आपलं पहिलं म्हणणं पूर्ण करू शकलेले रुग्ण 23 टक्के. तिथे ना रांग होती ना रोवणी. म्हणजे तोडण्याची सवय गर्दीतूनच येते असं म्हणता येत नाही. ती प्रशिक्षणातून येते. उलट स्वित्झर्लंडमध्ये 2002 साली डॉक्टरांना सांगितलं गेलं की रुग्ण स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. 335 रुग्णांचा हिशोब निघाला: सरासरी 92 सेकंद, आणि 78 टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. आपल्याकडची माणसं त्याहून लांबण लावतील असं म्हणणाऱ्यांनी सरकारी दवाखान्यात बसावं. इथला माणूस ऐकून घेतलं जाईल या अपेक्षेने येतच नाही, म्हणून तो मुळातच कमी बोलतो. शंभर रुग्णांना प्रत्येकी दोन मिनिटं म्हटलं तर तीन तास वीस मिनिटं होतात आणि तपासायचं, लिहायचं बाकीच राहतं, हे गणित मलाही येतं. पण शंभरातले कित्येक जण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेले असतात, काही ड्रेसिंगला, काही खरजेच्या मलमाला. त्यांना वेगळ्या रांगेत सिस्टरकडे वळवता येतं, आणि जिथे वळवलं जातं तिथे वेळ निघतो. शिवाय अर्धवट ऐकलेला रुग्ण आठवड्यात पुन्हा येतो, मग पुन्हा येतो, मग भंडाऱ्याला जातो, मग नागपूरला. त्याच्या त्या फेऱ्यांचा वेळ कुणाच्याच गणितात धरलेला नसतो, कारण तो त्याचा वेळ असतो.

मुळात लक्षाचा आणि वेळेचा संबंध आपण समजतो तेवढा घट्ट नाही. दहा मिनिटं बोलूनही लक्ष नसणं शक्य आहे. फोन वाजतोय, औषध कंपनीचा एमआर दारात उभा आहे, संगणकावर नोंद अडकली आहे, आणि रुग्ण आपल्या कानाशी बोलतोय. एक मिनिट पूर्ण देणं म्हणजे काय ते शिकायचं असेल तर आशाताईने नवजात बाळाचे श्वास मोजताना पाहावं. बाळ शांत असावं लागतं, रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर थांबावं लागतं. छातीवरचं कापड बाजूला करायचं, घड्याळ दिसेल असं धरायचं आणि पूर्ण साठ सेकंद पोटाची हालचाल मोजत राहायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भराभर घेतं, जरा थबकतं, पुन्हा घेतं. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर बाळाला हलवायचं. या मिनिटात सासूशी बोलता येत नाही, रजिस्टर भरता येत नाही, मध्येच आकडा चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. गडचिरोलीतल्या ज्या गावांत घरी जाऊन नवजात बाळं तपासण्याची ही पद्धत बसवली गेली तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटलं, हे 1999 मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून ती देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. यश फक्त श्वास मोजण्याचं नव्हतं. जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं होती, ऊब होती, स्तनपान होतं. पण इंजेक्शन कुणाला द्यायचं हे त्या मिनिटाने ठरायचं.

दुसरा आक्षेप रुग्णांकडूनच येतो, आणि तो जास्त अडचणीचा आहे. लोकांना ऐकून घेतलेलं हवंच असतं कुठे? त्यांना सुई हवी असते. ‘गोळ्या राहू द्या, सुई मारा जी’ हे वाक्य या जिल्ह्यात ज्याने ऐकलं नाही त्याने इथे काम केलं नाही असं खुशाल समजावं. सलाईन लावलं की बरं वाटतं, बाटलीतलं पाणी डोळ्यांना दिसतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. तीन मिनिटं प्रश्न विचारून नुसतं मिठाचं पाणी प्यायला सांगणारा डॉक्टर अडाणी ठरतो आणि रुग्ण चौकातल्या बोगस दवाखान्याकडे वळतो. हे सगळं खरं आहे. मात्र सुईची ही मागणी आली कुठून, ते विचारायला हवं. पिढ्यानपिढ्या ज्याला दवाखान्यात बोलून काही मिळालं नाही, त्याने मिळण्यासारखी एकच वस्तू हेरली आहे. सुईत निदान डॉक्टर आपल्याला हात लावतो. मी याला रुग्णाचं अज्ञान म्हणायला तयार नाही. ही अनुभवातून काढलेली तडजोड आहे, आणि ती मोडायला वेळ लागतो. ज्या केंद्रात वर्षानुवर्षं एकच डॉक्टर किंवा एकच सिस्टर टिकते तिथे सुईचा हट्ट हळूहळू कमी होतो. दर सहा महिन्यांनी माणूस बदलतो तिथे तो तसाच राहतो. बॉण्डवर आलेल्या तरुण डॉक्टरांना दोष देऊन हे सुटणारं नाही. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि वृत्ती शिकवणारा स्वतंत्र भाग आला हे चांगलंच झालं, पण वर्गात शिकलेलं ऐकणं वॉर्डात वरिष्ठांकडे बघून विसरायला फार दिवस लागत नाहीत.

तिसरा आक्षेप मी मनापासून मानते. लक्ष देण्याच्या गोष्टी करता करता सरकार आपली जबाबदारी कर्मचाऱ्याच्या मनावर टाकून मोकळं होतं. पदं रिकामी ठेवायची, औषधं वेळेवर द्यायची नाहीत आणि मग पोस्टर लावायचं की रुग्णांशी आपुलकीने वागा. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सात बाळं वाचवता आली, दहा गेली. त्या रात्रीनंतर राज्यभर चर्चा झाली ती अग्निसुरक्षेची, वायरिंगची, तपासण्यांची, आणि तीच व्हायला हवी होती. धुराला माणसाचं लक्ष हे उत्तर नसतं. धुराला यंत्रणा हवी. म्हणून मी लक्षाला यंत्रणेच्या बदली उभं करत नाही. उलट, थकलेल्या माणसाकडून पूर्ण लक्षाची अपेक्षा करणं हाच एक अन्याय आहे. रात्रपाळी करून सकाळची ओपीडी काढणाऱ्या सिस्टरला ‘नीट ऐक’ म्हणण्याआधी तिला झोप द्यावी लागते. लक्ष हे मनाच्या चांगुलपणातून पाझरत नाही, ते शरीरातून येतं आणि संपतं. ते संपतं हे मान्य केलं की ते कुठे खर्चायचं हा प्रश्न गंभीर होतो, आणि माझा सगळा आग्रह त्या प्रश्नाचाच आहे.

कारण आज ते खर्च होतं ते ठरावीक ठिकाणीच. ज्याच्यासाठी सरपंचाचा फोन आला, जो मास्तर आहे, ज्याने रिपोर्टची फाईल नीट लावून आणली, जो प्रमाण मराठीत बोलतो, त्याला आपोआप जास्त ऐकलं जातं. झाडीबोलीत, अडखळत, मध्ये म्हशीची आणि जावयाची गोष्ट आणत बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कमी. यात कुणी मुद्दाम दुष्टपणा करतं असं मला दिसत नाही. लक्षाला उतारावरून जायची सवय असते. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागून घेतलं आहे. ते मागू शकत होते. सांगणारे ते होते आणि समोरचे ऐकायला जमले होते. रोवणीची मजुरी बुडवून आलेली बाई लोखंडी स्टुलावर बसून डॉक्टरकडे अवधान मागू शकत नाही. तिने मागितलं तर ते उर्मटपणा ठरेल. म्हणून ते तिने मागायच्या आधी द्यावं लागतं, आणि ते द्यायची सोय साध्या गोष्टींत आहे: स्टूल टेबलाच्या पलीकडे न ठेवता बाजूला ठेवणं, पडदा असणं, फोन ड्रॉवरमध्ये टाकणं, ‘आणखी काही?’ हा प्रश्न पेन उचलण्याआधी विचारणं. यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. पडद्याला लागतो, थोडासा.

हे कुणी वर कळवलं तर काय होईल त्याची मला कल्पना आहे. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, लिंग, गाव, निदान, औषध असे रकाने आहेत, त्यात एक रकाना वाढेल: ‘रुग्णाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले — होय / नाही’. दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या बैठकीत त्याची टक्केवारी वाचली जाईल आणि सगळ्या तालुक्यांची शंभराच्या घरात असेल. संध्याकाळी पाचनंतर, पुढचा पेशंट नसताना, पंखा चालू करून एका दमात ‘होय’, ‘होय’ भरत जाणाऱ्याचा मला राग येणार नाही. इतर रकाने तो तसेच भरतो. पण हा रकाना आणू नका एवढंच म्हणेन.